डेमोताई आणि आमची थप्पी

डेमोताई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. कोणीही असो, त्याच्या हातात मोबाईल दिला की ताईंची नजर थेट त्याच्या अंगठ्यावर जायची. तो माणूस तोंडाने "छान आहे, मस्त आहे" म्हणत असायचा आणि ताई मला कोपराने ढोसून हळूच सांगायच्या, "अंगठा थांबला. गेलं गिऱ्हाईक." पुढच्याच क्षणी तो माणूस मोबाईल परत करून चालायला लागायचा. मला सुरुवातीला ही जादू वाटायची. पुढे कळलं की वीसेक वर्षं प्रदर्शनांतून मिक्सर विकताना ताईंनी माणसांच्या हातांचा जेवढा अभ्यास केला होता, तेवढा आम्ही तिघांनी मिळून कॉलेजात कशाचाच केला नव्हता.

आम्ही तिघं म्हणजे मी रेणू, सुधीर आणि इम्रान. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या एका वर्गात होतो. पुण्याची वाट धरायची सोडून नांदेडातच एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानावरची खोली घेतली आणि मोबाईलवरचा गेम बनवायला बसलो. मी नायगावची. घरी सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर मुकाट्याने नोकरी बघेन. गेमचं नाव 'थप्पी'. आपल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीची, सोयाबीनची, हरभऱ्याची पोती एकावर एक रचतात ना, तीच थप्पी. वरून पोती येतात, तुम्ही ती जिनसेप्रमाणे रचायची, एका जिनसेची थप्पी पूर्ण झाली की ती ट्रकमध्ये जाते. चित्रं इम्रानची. पोतं पडल्याचा 'धप्प' आवाज त्याने लातूरच्या मोंढ्यात हमालांच्या मागे दोन दिवस हिंडून टिपला होता. खेळाचे नियम सुधीरचे. त्याने 'भर सीझन' नावाचा एक अवघड प्रकार त्यात घातला होता. त्यात पोती थांबतच नाहीत आणि ट्रक कुणासाठी उभा राहत नाही. बाकी सगळं, म्हणजे हे सारं चालतं ठेवणारा प्रोग्रॅम, माझा.

गेम झाला, बाजारात आला आणि कुणीच खेळेना. मित्रांनी घेतला, चुलत भावंडांनी घेतला, संपलं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून लातूरला गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात आम्ही कोपऱ्यातला एक स्टॉल मांडला. एका बाजूला लोणची-पापड, दुसऱ्या बाजूला गाद्या, मध्ये आम्ही. सकाळपासून लोक आमच्याकडे बघून पुढे जात होते आणि समोरच्या मिक्सरच्या स्टॉलवर ही झुंबड! तिथे चॉकलेटी साडीतल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई उभ्या होत्या. गंमत म्हणजे त्या स्वतः मिक्सरला हात लावत नव्हत्या. गर्दीतल्याच एखादीला पुढे बोलवायच्या, तिच्याच हाताने खोबरं टाकायला लावायच्या, तिलाच बटण दाबायला सांगायच्या. चटणी झाली की त्या बाईचाच चेहरा असा फुलायचा की शेजारच्या चारजणी पुढे सरकायच्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या आमच्याकडे आल्या.

"काय विकून राहिले रे पोरांनो?"

"मोबाईलवरचा गेम आहे, काकू," सुधीर उठून उभा राहिला. "यात दोन मोड आहेत, साठ लेव्हल आहेत, ग्राफिक्स..."

"साकु, साकु!" त्यांनी हात वर केला. त्या निलंग्याच्या. कर्नाटक जवळ असल्यामुळे 'पुरे' म्हणायला त्यांच्या तोंडी हाच कानडी शब्द होता. "सांगू नको बाबा. हातात दे."

मी टॅब त्यांच्या हातात दिला. गेम उघडला आणि त्याने पहिल्यांदा नाव विचारलं. मग जन्मतारीख. मग मोबाईल नंबर. ताईंचा अंगठा थांबला.

"मी काय सोयरीक जमवायला आले व्हय? नाव, गाव, जन्मतारीख! आधी स्थळ तर दाखवा!"

इम्रान खो खो हसला. सुधीर रागावला. मी ते पान ओलांडून दिलं, तर पुढे सूचनांची चार पानं. तीही मीच ओलांडली. एकदाची पोती पडायला लागली आणि ताईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पलीकडून त्यांचा सुपरवायझर हाका मारत होता, ह्या हूं नाही की चूं नाही. शेवटी तुरीचा एक ट्रक भरून गेला तेव्हा त्या जागच्या जागी जवळजवळ उडाल्याच. "गेला! गेला की गं ट्रक!"

जाताना म्हणाल्या, "खेळ चांगला हाय तुमचा. पण घराला सात दरवाजे लावलेत अन् पाहुण्याला म्हणून राहिले, ये बाबा, आत लई मजा हाय."

महिनाभराने त्यांचा फोन आला. मिक्सरचं काम सुटलं होतं. तुमच्याकडं काही हाय का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी बाकीच्या दोघांना न विचारताच हो म्हणाले. नांदेडात त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे त्या उतरल्या. त्यांचं खरं नाव सुमन. पण इम्रानने पहिल्याच दिवशी त्यांना 'डेमोताई' म्हटलं आणि तेच चिकटलं. त्याने त्यांच्यासाठी एक कार्डही बनवलं, 'डेमो प्रमुख' असं लिहून. ते त्यांनी पर्समध्ये लेकीच्या फोटोशेजारी ठेवलं होतं.

त्यांनी मला पहिल्यांदा कुठे नेलं असेल, तर निलंग्यात त्यांच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर. अट एकच, मी तोंड उघडायचं नाही. "तू बोललीस की ती तुला बरं वाटावं म्हणून खेळंल. तुझी भीड पडंल तिला." दळणाला नंबर लावून पाच-सहाजणी बसल्या होत्या. ताईंनी आपला मोबाईल कस्तुराबाई नावाच्या एका बाईंच्या हातात दिला. "बघ बरं, मला ही तुरीची थप्पी लावता येईना," एवढंच म्हणाल्या आणि दुसरीकडे तोंड करून बसल्या. नाव विचारणारं पान आणि सूचना मी तोवर काढून टाकल्या होत्या. गेम उघडला की थेट पोतं पडायचं.

कस्तुराबाईंच्या एका हातात पिठाचा डबा. त्यांनी दुसऱ्या हाताने मोबाईल उभा धरला. आमचा गेम आडव्या मोबाईलवर दोन्ही हातांनी खेळायचा होता! त्यांनी डबा मांडीत दाबला, मोबाईल आडवा केला, कसंबसं सुरू केलं. दोन मिनिटांनी गिरणीवाला ओरडला, "कस्तुराबाई, पीठ झालं!"

"थांब की बाबा, ट्रक भरू दे!"

मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताईंनी माझा हात घट्ट दाबून धरला. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी तासलं मला. "बघितलंस? एक हात रिकामा असतोय बाईमाणसाचा. कधी तोबी नसतोय. अन् आवाज बंद केला तिनं, चार माणसांत वाजू नये म्हणून. तुमचा खेळ एका हातानं, बिनआवाजाचा जमला पाहिजे."

आम्ही गेम पुन्हा उभा केला, शब्दशः. तीन आठवडे मी खोलीतून हलले नाही. ताईंनी गिरण्यांवर लावायला कागद छापून घेतले: 'दळण होईपर्यंत एक डाव.' बसस्टँडवर: 'गाडी येईपर्यंत एक डाव.' दवाखान्यासाठी: 'नंबर येईपर्यंत एक डाव.' बस्स, बाकी एक शब्द नाही. आणि खेळणारे वाढायला लागले! रोज सकाळी खोलीवर आल्या आल्या आम्ही आकडा बघायचो आणि इम्रान खालच्या फ्लेक्सवाल्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडायचा.

सुधीर मात्र खूष नव्हता. तो जातीचा गेमर. एखादा अवघड टप्पा पार करण्यासाठी त्याने जेवणं सोडलेली मी पाहिली आहेत. त्याला वाटायचं, आपण गेम बनवला आणि ताईंनी त्याचा विरंगुळा केला. एकदा तो फटकन बोललाच, "ताई, हे खरे खेळाडू नाहीत. हे टाइमपास करणारे आहेत. भर सीझन यातल्या एकानेही उघडलेला नाही."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "हाव. बरोबर हाय तुझं. येळ घालवणारं गिऱ्हाईक येगळं अन् खेळायला मुद्दाम येळ काढणारं गिऱ्हाईक येगळं. दोघं एकाच दुकानात येतेत. पण दोघांना एकच गोष्ट सांगितली तर दोघंबी जातेत. घालवणारी माझ्या ओळखीची हायत. काढणारी कुठं असतेत, मला दाखव."

सुधीरने त्यांना लातूरला एका गेमिंग कॅफेत नेलं. लातूर म्हणजे क्लासचं गाव. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला सगळ्या मराठवाड्यातून आलेली मुलं, आणि रविवारची परीक्षा संपली की त्यातली निम्मी अशा कॅफेत. त्या काळोख्या खोलीत, कानाला हेडफोन लावलेल्या पोरांच्या रांगेत आमच्या ताई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. एक नाही, तीन दुपारी. सुधीर म्हणाला, पहिल्या दिवशी पोरं दबून होती, कुणाची तरी आई आली आहे असं वाटून. तिसऱ्या दिवशी ती त्यांना सांगायला लागली होती, "आंटी, आता बघा, आता बॉस येतो, सगळ्यात तगडा राक्षस."

ताई नांदेडला परतल्या त्या उत्साहाने लालेलाल होऊन. जिना चढता चढताच बोलायला लागल्या.

"अरे, हे लई येगळं पीक हाय! एक पोरगं अकरा वेळा मेलं. अकरा वेळा! अन् बाराव्यांदा हसून राहिलं. ह्यांना सोपं हाय म्हणून सांगितलं तर बघणारबी न्हाईत. ह्यांना सांगा, तुम्हाला जमणार न्हाई!"

सुधीरच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं, ते मी कॉलेज संपल्यापासून पाहिलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे कागदावर लिहिलं, 'भर सीझन. आजवर कुणीही पूर्ण केलेला नाही.'

"खरंच कुणी केला न्हाई?" ताईंनी विचारलं.

"मी केलाय एकदा. पण मी तर बनवणाराच."

"मग कुणीच न्हाई असं कसं लिहितोस?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी कॅफेत जो कागद लागला त्यावर मजकूर असा होता: 'भर सीझन. आजवर एकानेच पूर्ण केलाय. तो नांदेडला आमच्या ऑफिसात बसतो.' खाली सुधीरचा फोटो, हाताची घडी घालून. त्या फोटोने काय आग लावली म्हणून सांगू! आठवड्याभरात लातूरची पोरं सुधीरच्या नावाने बोटं मोडायला लागली. कुणी म्हणे तो खोटारडा आहे, कुणी म्हणे समोर बसून दाखव. कॅफेवाल्याने स्वतःहून वरचा हॉल देऊ केला. एका रविवारी दुपारी स्पर्धा ठरली.

त्या दुपारसारखी दुपार माझ्या आयुष्यात पुन्हा आलेली नाही. भिंतीवर पडद्यावर खेळ दिसत होता, एकेकाने पुढे येऊन खेळायचं, सुधीरने भरले तेवढे ट्रक म्हणजे भर सीझन पूर्ण, त्याहून जास्त भरले तर जिंकलात. हॉल गच्च. दारात चपलांचा ढीग. इम्रानचा 'धप्प' मोठ्या स्पीकरवरून घुमत होता आणि प्रत्येक 'धप्प'ला सगळा हॉल 'हेऽऽ' करत होता. ताईंनी कस्तुराबाईंनाही आणलं होतं. त्या डोळे तपासायला लातूरला आल्या होत्या, आणि ताईंनी त्यांना दवाखान्यातूनच उचललं होतं.

"हीबी खेळंल," ताई म्हणाल्या.

पोरं फिदीफिदी हसली. कस्तुराबाई खुर्चीवर टेकल्या, पिशवी मांडीवर, एका हातात मोबाईल. तिसऱ्या ट्रकला हसणं थांबलं. सातव्या ट्रकला मागची पोरं बाकावर उभी राहिली. त्या घाई म्हणून करत नव्हत्या. ज्वारी निवडावी तशी एकेक पोतं जागेवर बसवत होत्या. सुधीरचा विक्रम गाठायला दोन ट्रक उरले आणि सगळा हॉल मोठ्याने ट्रक मोजायला लागला. कस्तुराबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अगं बया, पाच वाजले? माझी निलंग्याची गाडी हाय!"

आणि त्या उठल्या! मोबाईल सुधीरच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि चपला शोधायला लागल्या. पन्नास पोरं एका सुरात ओरडली, "काकू, काकू! दोनच ट्रक राहिले!"

"राहू द्या बाबा. भरा तुम्ही," म्हणत त्या जिना उतरून गेल्यासुद्धा.

सुधीर हातात मोबाईल घेऊन खुळ्यासारखा उभा, पडद्यावर पोती धपाधप कोसळतायत. ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हे येळ घालवणारं गिऱ्हाईक! जिंकायला आलंच नव्हतं रे ते! अन् आता ते बघ." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. देगलूरची एक बारकी मुलगी तीनदा हरून चौथ्यांदा रांगेत उभी होती, ओठ घट्ट मिटून. चौथ्या खेपेला तिने सुधीरचा विक्रम मोडला. ती किंचाळली ती अशी की खालून रस्त्यावरची माणसं वर बघायला आली. आणि सुधीर! मला वाटलं त्याला वाईट वाटेल. त्याने खिशातून पेन काढलं, भिंतीवरच्या कागदावरचं 'एकानेच' खोडलं आणि 'दोघांनीच' असं लिहिलं. आपल्या फोटोशेजारी त्याने तिचं नाव मोठ्या अक्षरात घातलं.

कस्तुराबाई उठून जातानाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. तो मोबाईलवरून मोबाईलवर असा पळाला की आठवड्याभरात माझ्या नायगावच्या मावशीने तो मलाच पाठवला. आणि त्यामागोमाग बंगळुरूहून एका मोठ्या कंपनीचे गृहस्थ आमच्या खोलीवर आले. गेम देशभर न्यायची त्यांची तयारी होती. फक्त जाहिरात ते ठरवणार होते. त्यांनी नमुना दाखवला. एक गोदाम पेटलंय, आत एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन रडतेय, खेळणाऱ्याने योग्य दोरी ओढून तिला वाचवायचंय.

"पण आमच्या गेममध्ये आग नाहीये," मी म्हटलं.

"ती नसतेच, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आग जाहिरातीत असते."

ते गेल्यावर खोलीत भांडण पेटलं, आणि खरं सांगते, मी सही करा म्हणणाऱ्यांत होते. दिवाळी तोंडावर आली होती. वडील रोज फोनवर काही न विचारता सगळं विचारत होते. खेळणारे वाढले असले तरी तेवढ्यावर तिघांचं पुढचं वर्ष निघणार नव्हतं. आणि असं सगळेच करतात, असं मी म्हणाले.

ताई खिडकीशी बसल्या होत्या. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मिक्सरचं काम का सुटलं ते सांगितलं. लातूरच्या त्या प्रदर्शनानंतर कंपनीने डेमोसाठी वेगळा मिक्सर पाठवला होता. बाहेरून तोच, आत मोटर मोठी. खोक्यातून गिऱ्हाइकाला जायचा तो साधाच. "एका बाईनं माझ्यासमोर हळद दळली. मला म्हणाली, ताई, हाच पाहिजे. मी म्हटलं, हा मिळणार न्हाई बाई, खोक्यात दुसरा हाय. सुपरवायझर तिथंच उभा होता." मग त्या आमच्याकडे वळल्या. "वीस वर्षांत माझ्याकडं एकच चीज जमली. मी हातात दिलेली वस्तू बाया बिनघोर घेतेत. तुम्हाला सही करायची तर करा पोरांनो, राग न्हाई. मी मात्र उद्यापासून येणार न्हाई."

मी तरीही हट्टाला पेटले होते. म्हटलं, लोकांना खरंच फरक पडतो का, ते तरी बघू. कंपनीने दिलेली जाहिरात मोबाईलवर घेऊन मी ताईंसोबत निलंग्याला गेले. त्याच गिरणीवर, पण गेम कधी न पाहिलेल्या एका बाईला मी ती दाखवली. ती जाहिरात बघून तिचा जीव कासावीस झाला. "आई गं, लेकरू हाय आत!" लगेच गेम उघडला. पोती पडायला लागली. तिने इकडे बोट लावलं, तिकडे लावलं.

"आग कुठं हाय?"

"आग नाहीये त्यात," मी म्हणाले.

"मग दाखवली कामून?"

तिने मोबाईल परत दिला, पण माझ्याकडे नाही. ताईंकडे देत ती म्हणाली, "सुमन, तूबी असं करून राहिलीस का आता?"

ताईंचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही. परतीच्या गाडीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, आणि चाकूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते. त्यांनी पिशवीतून शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मीच फोन करून कळवलं की आग चालणार नाही. मग ताईंनी माझ्याकडून फोन घेतला. "साहेब, जाहिरात करायला आमची ना न्हाई. पण खरा खेळ दाखवा. अन् चांगला खेळलेला दाखवू नका. हुकलेला दाखवा. पोतं चुकीच्या थप्पीवर ठेवा, अन् थांबा. बघणाऱ्याचा हात शिवशिवला पाहिजे, की मी असतो तर बरोबर लावलं असतं."

पलीकडे ते गृहस्थ मोठ्याने हसले आणि म्हणाले, "पंधरा दिवस करून बघू."

पंधरा दिवस आम्ही धड जेवलो नाही. त्या चुकलेल्या पोत्याने कमाल केली! आगीने जेवढे आले असते तेवढे लोक आले की नाही, कोण जाणे. पण जे आले ते राहिले. रांगेतल्या बायका आल्या, हेडफोनवाली पोरं आली, आणि पोरं बायकांचे विक्रम मोडायला धडपडायला लागली. मी दिवाळीत घरी गेले तेव्हा वडिलांना नोकरीबद्दल काही सांगावं लागलं नाही. ते ओसरीवर बसून सोयाबीनची थप्पी लावत होते.

पुढे दोन वर्षं ताई आमच्यासोबत होत्या. नंतर त्याच बंगळुरूच्या कंपनीने त्यांना बोलावलं. नवे गेम माणसांच्या हातात देऊन बघायचे, हेच काम. आम्हाला वाटलं, छप्पन्नाव्या वर्षी एवढ्या लांब त्या जाणार नाहीत. त्या तर ऐकताक्षणीच हो म्हणाल्या. "लेकीचं लग्न झालं, तुमचं दुकान चाललं. मी काय निलंग्यात बसून माश्या मारू? किती नवे नवे खेळ असतील तिथं!" त्यांच्या डोळ्यांत अशी चमक होती की आम्हाला रडायची सोय राहिली नाही.

लातूर स्टेशनवर आम्ही तिघं सोडायला गेलो होतो. इम्रान सामान लावत होता, सुधीर पाण्याची बाटली आणायला गेला होता. खिडकीतून ताईंनी मला जवळ बोलावलं.

"रेणू, एक विचारू का? तू काय खेळतीस?"

मी 'थप्पी' म्हणणार होते, पण ते खोटं झालं असतं. ती मी तपासत होते, खेळत नव्हते. लहानपणी नायगावला मामाच्या कॉम्प्युटरवर शाळा बुडवून खेळणारी मी. त्या वेडापायी तर या धंद्यात आले. आणि कंपनी सुरू झाल्यापासून मी एकही खेळ खेळले नव्हते. दुसरे कसे खेळतात, तेवढंच बघत होते.

"काहीच नाही, ताई."

"मला वाटलंच. आधी ते सुरू कर. न्हाईतर नुसती दुकानदार होशील."

गाडी हलली. त्या हात हलवत राहिल्या, मीही.

पुढच्या रविवारी मी घरी होते. कुठल्याशा लांबच्या देशातल्या कुणीतरी बनवलेला होडीचा एक खेळ मोबाईलवर घेतला. तो कुणासाठी बनवलाय, कसा विकलाय, काही बघितलं नाही. पहिल्याच वादळात बुडाले. पुन्हा निघाले, पुन्हा बुडाले. पाचव्यांदा काठ दिसत असताना होडी उलटली आणि मी एकटीच खदाखदा हसायला लागले.

"काय झालं गं?" आईने आतून विचारलं.

"बुडाले!" मी ओरडून सांगितलं, आणि होडी पुन्हा पाण्यात लोटली.